बुरुलने गुडघे टेकले नाहीत

"दोन घटका गुडघे टेकलेस तर काय आभाळ कोसळणार आहे?" सासूबाई, म्हणजे उमसुनाय आजी, अंगणातून म्हणाल्या.

"आभाळ नाही, आई, खुब्याचा गोळा कोसळेल," म्हणत बुरुल कुबड्या सावरत दारातून बाहेर आली.

लोकर अंथरून, कढत पाण्याने भिजवून, बोरूच्या चटईत गुंडाळून पुरुषांनी ते भेंडोळं सकाळभर दोराने ओढत फिरवलं होतं. आता चटई सुटली की खरं काम, आणि ते बायकांचं. सगळ्याजणी ओळीने गुडघ्यांवर बसायच्या आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात टेकून ओला नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड गालिचा, दाबत, लाटत घट्ट करायच्या. आतबाशी गावात कुणाचाही नमदा असो, ओळीत मधली जागा बुरुलची. आणि आजचा नमदा तर तिच्याच लेकीच्या, ऐपेरीच्या रुखवताचा होता.

दम्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्यांनी खुब्याच्या हाडाचं रक्त आटवलं होतं. हाड आतून मरत चाललं होतं. बिश्केकच्या डॉक्टरने गेल्या महिन्यात त्यात बारीक भोक पाडून आतला दाब उतरवला. रक्त पुन्हा धरेल, म्हणाला, पण तोवर त्या पायावर भार नको, मांडी घालणं नको, गुडघे टेकणं तर नकोच. गोळा एकदा खचला की काढून धातूचा बसवायचा. "जे आहे ते माझं मला राहू दे," बुरुल तेव्हाच म्हणाली होती. गावाने मात्र एवढंच पाहिलं, की बाई दवाखान्यातून प्लास्टरशिवाय परत आली. प्लास्टर नाही म्हणजे हाडाला काही झालेलं नाही. गावाला पटवणार कोण?

"राणीसाहेबांना सिंहासन आणा गं कुणीतरी," धाकटी जाऊ अनारकान म्हणाली.

"आण. पाठ असलेलं आण," बुरुल म्हणाली.

खुर्ची आली. बुरुल तिच्यावर बसली, पाय पुढे सोडून. खाली बायकांची ओळ लागली आणि मधल्या जागेवर अनारकान सरकली. बुरुल खुर्चीवरून तिचे हात निरखू लागली. 

"डावीकडची कड फुगतेय, अनारकान."

"तोंडाने लाटून नमदा होत नाही, वहिनी."

ओळ हसली. बुरुलही हसली, पण तिला ते लागलं.

तेवढ्यात थोरले दीर असानकुल आले. काम संपताना आशीर्वाद द्यायचा मान त्यांचा. त्यांच्यासाठी गादी अंथरलेली होती. त्यांनी गादीकडे पाहिलं, मग खुर्चीकडे.

"सून माझ्या डोक्यापेक्षा वर बसलेली या घरात आजवर पाहिली नाही."

"आता पाहिलीत ना, दादा? आत अजून एक खुर्ची आहे. आणायला सांगू?"

असानकुल खुर्चीवर बसले नाहीत आणि गादीवरही बसले नाहीत. चहा आला तो त्यांनी उभ्यानेच घेतला. दुसरा आला, तोही उभ्यानेच. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकू लागले, तशी बुरुलला त्यांची दया आली. उठावं असं काही तिला वाटलं नाही.

उमसुनाय आजी जवळ आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "माझ्यावर राग धर हवं तर. पण आईच्या हाताने दाबला नाही तर त्या नमद्यावर लेकीचं घर गार राहतं. पोरीसाठी तरी टेक."

हा घाव वर्मी बसला. बुरुलने कुबडी घट्ट धरली. क्षणभर तिला वाटलं, टेकावेत. एकदाच. कोण डॉक्टर बघायला येतोय? खाली ओल्या लोकरीचा ओळखीचा वास सुटला होता.

"लेकीच्या घरी मला माझ्या पायांनी जायचंय, आई," ती म्हणाली. "घर गार असलं तर चूल पेटवीन."

 आजी ओळीच्या टोकाला गेल्या आणि ऐंशी वर्षांचे गुडघे टेकून बसल्या.

नमदा झाला. घट्ट, सरळ, फक्त डावी कड जराशी फुगलेली. बायका मागे सरकून बसल्या. असानकुलांनी उभ्यानेच तळवे उघडले आणि आशीर्वाद द्यायला लागले. ओळीतल्या एकेकीचं नाव घेतलं, म्हाताऱ्या आईचं घेतलं, नवऱ्या मुलीचं घेतलं. खुर्चीवरच्या बाईचं घेतलं नाही.

"ओमिन, तसंच होवो," बुरुल सगळ्यांत मोठ्याने म्हणाली आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

भोवती सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लालबुंद झाले होते, कातडी सोलवटलेली, लोकरीचे तंतू चिकटलेले. तिने सकाळी सवयीने बाह्या वर सारल्या होत्या, आणि तिचे हात कोरडे, पांढरे होते. अनारकानची नजर तिथे गेली. आजींचीही गेली.

बुरुलने बाह्या खाली ओढल्या नाहीत.