फणी आणि केरसुणी

मिठाईचा पुडा पाहूनच कुरिमोतोच्या मनात पाल चुकचुकली. एवढा मोठा पुडा कोणी उगाच आणत नाही. पाहुणा हॉलिवूडचा, नाव गॅरिटी. चाळीस वर्षांपूर्वीचा एक जपानी भुताचा सिनेमा तो इंग्रजीत नव्यानं काढणार होता. त्या सिनेमातले सगळे आवाज क्योतोच्या स्टुडिओत कुरिमोतोनं केले होते.

"ती भुताची बाई यायच्या आधी खर्र खर्र ऐकू येतं ना," दुभाषी माकाबेबाई म्हणाल्या, "ते कशाचं, एवढंच विचारतायत."

एवढंच म्हणे! सत्तरी उलटलेला कुरिमोतो काय कुकुलं बाळ होता? तो आवाज त्याच्या बायकोनं केला होता. शिनो माइकपुढे बसून ओल्या केसांतून लाकडी फणी ओढत राहिली, सकाळपासून दुपारपर्यंत, टाळू लाल होईस्तोवर. पडद्यावर नाव आलं एकट्या कुरिमोतोचं. "पुढच्या वेळी माझंही घाला हं," ती हसून म्हणाली होती. पुढची वेळ यायच्या आत ती गेली. आणि आता हे शहाणे तिचा आवाज फुकटात लाटणार?

"केरसुणी," त्यानं ठोकून दिलं. "चटईवर उलटी घासायची."

गॅरिटीनं मान डोलवत लिहून घेतलं.

"आणि सोबत कोण होतं?" माकाबेबाईंनी विचारलं.

कुरिमोतो सावध झाला. यांना वास कुठून लागला? "कोण असणार? मी एकटाच."

"नक्की ना, कुरिमोतो-सान?"

"एकदा सांगितलं ना बाई!"

वर्षभरानं माकाबेबाई त्याला तो सिनेमा बघायला घेऊन गेल्या. चोरी पकडायचीच म्हणून तो कान टवकारून बसला. भूत आलं. खस्स, खस्स. केरसुणीच की! गाढवांनी त्याच्यावर विश्वास ठेवला होता. त्याला हसू आवरेना.

शेवटी नावं सरकू लागली. माकाबेबाईंनी कोपरानं ढोसलं. "ते पाहा!" मूळ आवाज: कुरिमोतो. एकटाच.

"गॅरिटींना तिथे दोन नावं घालायची होती हो," त्या म्हणाल्या. "जुन्या आवाजामागे बाईचा श्वास ऐकू येतो म्हणत होते. म्हणून तर तुम्हाला दोनदा विचारलं."

कुरिमोतोचं हसू मावळलं. पुढची वेळ आली होती, त्याच्या घरी, मिठाई घेऊन.

"शिनो," तो म्हणाला. "तिचं नाव शिनो होतं."

तोवर दिवे लागले होते आणि लोक उठून चालले होते.