डावी बाजू

मी चिडले की भांडी घासते. त्या सकाळी घासलेलीच भांडी पुन्हा घासली, कारण माझी वेबसाइट बंद पडली होती. कॉपीराइटची तक्रार! वेबसाइटवर होतं काय, तर माझ्या बाबांची वही. बाबांनी जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केली. ते गेल्यावर वहीतली चित्रं आणि सूचना मी एकेक पान करून चढवल्या होत्या. बाबांचं म्हणून तेवढंच उरलं होतं.

वेबसाइट चालवणाऱ्या कंपनीकडून तक्रारीची प्रत मागवली. तिच्यावर गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका मशीन दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता होता. म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा! वही पिशवीत टाकली आणि तडक निघाले.

दुकानात एक म्हातारे गृहस्थ मशीनला तेल घालत होते. डाव्या हाताने.

"तक्रार तुम्ही केलीत?"

"केली. नातीने मोबाइलवर दाखवलं. चित्रं माझी आहेत, बाई. तुमच्या वेबसाइटवर ना फोन, ना पत्ता. विचारणार कुणाला?"

"वही माझ्या बाबांची आहे!"

"म्हणजे तू त्याची मुलगी!" त्यांनी तेलाची बुधली खाली ठेवली. "अक्षर त्याचं, गं. त्याला एक सरळ रेघ मारता यायची नाही. एकाच कारखान्यात होतो आम्ही. तो सांगायचा, मी काढायचो. बंद पाडायचं नव्हतं मला. पण चाळीस चित्रं, आणि नाव एकदाही नाही. मित्र विसरला, याचं वाईट वाटलं."

"तुमचं नाव काय?"

"नावाने कोण हाक मारतंय! तुझा बाप मला डावऱ्याच म्हणायचा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक चित्राखाली बाबांनी बारीक अक्षरात 'डाव.' लिहिलं होतं. शाई पुसट, म्हणून वेबसाइटवर मी ती ओळ कापून तिथे टाइप केलं होतं, 'डावी बाजू'. समोरून काढलेल्या चित्रांखालीसुद्धा! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

मी वही उघडून पुढे ठेवली. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला. चाळीसच्या चाळीस पानं पाहिली, एकही न गाळता.

"विसरला नव्हता," ते म्हणाले.

"चूक माझी आहे, काका."

"चूक कसली? तू वही जपलीस, पोरी. उपकार झाले."

उपकार तर त्यांचे. तक्रार केली नसती, तर बाबांनी चाळीस वेळा मानलेले आभार मी कायमचे कापून ठेवले असते. तसं मी त्यांना सांगितलं.

नातीला फोन करून त्यांनी तक्रार मागे घ्यायला सांगितलं.

"आता चित्रांखाली पूर्ण नाव टाकते. सांगा."

"पूर्ण कशाला?" वहीवरचा हात न काढता ते म्हणाले. "त्याने लिहिलंय तसंच राहू दे."