मोटेचं चाक आणि लांबलेला ताण

मित्रांनो, मी एक जुनं चाक आहे. गाडीचं नाही हं! मोटेचं. मोट म्हणजे विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची मोठी पिशवी. बैल उतारावरून खाली चालले की माझ्यावरून दोर सरकायचा, मोट वर यायची आणि पाणी भदाभदा थारोळ्यात, म्हणजे विहिरीकाठच्या कुंडीत, पडायचं. आता मी गोठ्याच्या कोपऱ्यात तुराट्यांखाली पडून आहे. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. लाकडाला काय वाटायचं?

माझा जन्म एकोणीसशे बासष्ट सालचा. खापरखेड्याच्या पलीकडे, जिथून कारखान्याची चिमणी दिसते, तिथे धोंडबाचं चार एकरांचं शेत. लहानू वाढईनं बांधावरची बाभूळ तोडली, आठ दिवस तासली आणि मला घडवलं. पहिल्याच दिवशी मी असा काही करकरलो की लहानूनं कपाळाला हात लावला. "धोंडबा, हे चाक लय बडबडं निघालं गा!" धोंडबा हसला. "बडबडू दे. घरात बसल्या बसल्या मले समजन, पाणी चालू हाय का बंद." तेव्हा त्याचे डोळे चांगले होते. पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि हे बोलणं खरंच ठरलं.

वर्षाचं माझं गणित ठरलेलं होतं. पावसाळ्यात मला सुट्टी. पोळ्याला बाळ्या आणि शेंद्र्या या बैलांची शिंगं रंगायची, तेव्हा माझ्याही आसाला तेलाचं बोट लागायचं. दिवाळीनंतर चाळीस झाडांची संत्री तुटायची. मग यायचा ताण. ताण म्हणजे संत्र्याच्या झाडांचं पाणी मुद्दाम तोडायचं. महिना-दीड महिना झाड तहानलं की पानं कोमेजतात, काही गळतात. संक्रांत झाली की आठ दिवसांत पाणी सोडायचं. मग झाड असं फुलतं की मधमाश्यांना जागा पुरत नाही. ताण कमी पडला तर फुलं नाहीत, आणि जास्त झाला तर झाडच जातं. म्हणून तारीख चुकवायची नसते.

ओलिताच्या दिवसांत धोंडबाचा मुलगा बळीराम मोट हाकायचा आणि त्याची बायको बायजाबाई दूर बगिच्यात फावडं घेऊन उभी राहायची. मातीच्या दांडातून पाणी वाहत जायचं, ती एकेका झाडाच्या आळ्यात वळवायची. मध्ये मी करकरत असायचो. माझ्यावरून बळीराम ओरडायचा, "पाणी आलं का वं?" तिकडून ती ओरडायची, "आलं!" दिवसभरात शंभरदा. दुसरं काही बोलणं नसायचं, पण दोघंही त्यावर खूश असायची.

एकोणसत्तर सालच्या कार्तिकात बळीरामला कावीळ झाली. अकराव्या दिवशी तो गेला.

पाहुणे आले, बुद्धवंदना झाली, पाहुणे गेले. बायजाबाई रडली नाही. ती भाकरी थापायची, शेण काढायची, बैलांपुढे कडबा टाकायची. धोंडबाच्या हातात पाण्याचा गडवा द्यायची. घरच्या पाण्यापुरती लहान गडगडीवरून बादली ओढायची आणि जायची. बगिच्याकडे तिनं मान वळवून पाहिलं नाही. मी तिथंच, विहिरीच्या तोंडावर, कोरडा उभा. मला वाटलं, ताण चालू आहे.

सगळ्यांना तसंच वाटलं. बाजूच्या बगिच्याचा भैयाजी कुंपणावरून म्हणाला, "राम राम, धोंडबा! तुमच्या सुनेनं ताण एक नंबर दिला गा. पानं कशी मलूल झाली, पाह्य ना..." एवढं बोलून त्यानं जीभ चावली. आंधळ्याला काय पाहायला सांगतो! पण धोंडबाला बरं वाटलं. एवढ्या दुःखातही सुनेनं शेत सांभाळलं, म्हणून तो चार माणसांत तिचं कौतुक करत राहिला.

संक्रांत गेली. आठ दिवस गेले, पंधरा गेले. भैयाजीकडे पाणी सुरू झालं.

धोंडबा खाटेवरून विचारायचा, "बायजा, पाणी कधी सोडशीन वं?"

"सोडीन, मामाजी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "सोडीन, मामाजी." आवाजात ना राग, ना रडू. माझ्यापाशी दोर गुंडाळलेला होता, मोट वाळून कडक झाली होती. झाडांची पानं आता मलूल नव्हती, ती करपत होती. मला सगळं दिसत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. फिरवल्याशिवाय मी कसला करकरणार?

मग माघाच्या शेवटी एका सकाळी वारा सुटला. धोंडबा अंगणात उन्हाला बसला होता. त्यानं नाक वर केलं. भैयाजीच्या बाजूनं संत्र्याच्या फुलांचा घमघमाट येत होता. त्यानं तोंड आपल्या बगिच्याकडे वळवलं. तिकडून नुसता धुळीचा वास.

"बायजा," तो म्हणाला, "आपल्याकून वास काहून नाही येऊन राहिला?"

बायजाबाई दारात सुपात तूर पाखडत होती. सूप चालूच राहिलं.

तेव्हा म्हाताऱ्याला कळलं. हा ताण नव्हताच. पोरगी आतून थांबली होती, आणि आपण तिची वाहवा करत बसलो!

तो उठला. भिंत धरत गोठ्यात गेला, चाचपून बैल सोडले, जू घातलं. वाळलेली मोट दोराला बांधून विहिरीत सोडली. ती भिजून नरम होईपर्यंत काठावर बसून राहिला. मित्रांनो, उतारावरून बैल खाली नेणं सोपं, पण परत येताना मागे मागे यायचं असतं, थेट विहिरीच्या तोंडाशी. एक पाऊल चुकलं की माणूस आत. पण तो उतार धोंडबानं जवानीत स्वतः बांधला होता. "बावीस पावलं," तो पुटपुटला, आणि बैलांना हाक दिली.

मी करकरलो. चार महिन्यांनी, जीव खाऊन करकरलो.

पहिली मोट रिकामी झाली. धोंडबा मोजत मोजत मागे आला. उतारावर उभा राहून त्यानं हाक मारली, "पाणी आलं का वं?"

कोणी बोललं नाही. दांड फुटलेला होता, पाणी कुंपणाकडे वाया चाललं होतं.

दुसरी मोट. "पाणी आलं का वं?"

दारातलं सूप थांबलं.

तिसरी मोट. एकविसाव्या पावलावर म्हातारा अडखळला, जू धरून सावरला, आणि पुन्हा ओरडला, "पाणी आलं का वं?"

बायजाबाई धावली. मला वाटलं, त्याला धरायला येते. पण ती सरळ बगिच्यात गेली. कोपऱ्यातलं फावडं उचललं, दांडाची फूट बुजवली, पाणी पहिल्या आळ्यात वळवलं. चौथ्या मोटेला पुन्हा तीच हाक आली, तेव्हा ती काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं बोल वं! हे चाक ऐकू देऊन नाही राहिलं!"

"आलं, मामाजी!" ती ओरडली. "आलं! आलं!" आणि फावड्याच्या दांड्यावर डोकं टेकवून ती रडायला लागली. धोंडबानं बैल थांबवले नाहीत. पाणी चालू ठेवलं.

चाळीसपैकी अकरा झाडं त्या वर्षी वाळली. बाकीची उशिरा फुलली, फळं बारीक आली. पुढं बायजाबाई स्वतः मोट हाकायला शिकली आणि धोंडबा आळ्यापाशी बसून, पाण्यात हात घालून सांगायला लागला, "आलं."

पंचाहत्तर साली विजेची मोटर बसली. माझं काम संपलं. मोटरीला कोणी काही विचारत नाही, ती बटण दाबलं की चालते.

मला तेल नको, मित्रांनो, तुराट्यांतून बाहेरही काढू नका. एवढंच करा. तुमच्या घरात कोणी रोजची कामं नीट करत असेल, हू की चू न करता, तर त्याची नुसती वाहवा करून पुढं जाऊ नका. त्याला हाक मारा. पहिल्यांदा उत्तर येणार नाही. दुसऱ्यांदाही येणार नाही. धोंडबानं चारदा विचारलं होतं.