गुरम्माची खोली

हरिओम आढ्याच्या बांबूला लोंबकळला आणि झोके घेऊ लागला. खोली करकरली, थोडी डुलली आणि पुन्हा सरळ उभी राहिली.

"बघा आजी," दामिनी बाजेवर बसलेल्या गुरम्माला म्हणाली, "समजा पडलीच, तर अंगावर काय पडंल? तुराट्या अन् पाचट. निसतं खरचटंल."

गुरम्मानं मान हलवली. ती होकारार्थी की नकारार्थी, ते दामिनीला कळलं नाही.

औसा तालुक्यातलं हे गाव भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं. गुरम्माला तेव्हा सरकारनं पक्कं घर दिलं होतं. त्यात तिची चूल होती, भांडी होती, ज्वारीची पोती होती. ती स्वतः मात्र तीसेक वर्षं अंगणातल्या लिंबाखाली बाजेवर झोपत आली होती. नवरा आणि दोन्ही लेकरं जुन्या गावात दगडमातीच्या भिंतींखाली गेली होती. पावसाळ्यात ती बाजेवर ताडपत्री बांधायची, थंडीत गोधड्या वाढवायची. गेल्या हिवाळ्यात तिची छाती भरली आणि लातूरला दवाखान्यात न्यावं लागलं. यापुढं उघड्यावर झोपायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ती परत आली आणि त्याच बाजेवर आडवी झाली.

दामिनीच्या मामाचं घर शेजारीच होतं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची वेळ आली तेव्हा तिनं गुरम्माची हकिकत सिद्धराम सरांच्या कानावर घातली. सर लातूरच्या एका तंत्रनिकेतनात सिव्हिल शिकवायचे. थर्माकोलचं मॉडेल टेबलावर मांडलेलं त्यांना खपत नसे. गावात जा, खऱ्या माणसाची अडचण शोधा आणि आपल्या हातानं काहीतरी बांधून द्या, असा त्यांचा हट्ट. त्यावरून प्राचार्यांशी दरवर्षी खटके उडायचे. गुरम्माचं ऐकून सरांनी गावाचं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, हेच करू.

सरांचे वडीलही असेच अंगणात झोपत, हे मुलांना ठाऊक नव्हतं. भूकंपाच्या त्या पहाटे लहानगा सिद्धराम अप्पांच्या कुशीत बाहेर झोपला होता. आत आई होती आणि धाकटी बहीण मंजुश्री. त्या दोघी गेल्या. त्यानंतर अप्पांनी कधी घरात पाठ टेकली नाही. अप्पा निर्धास्त आत झोपतील असं घर बांधायचं, म्हणून पोरगा सिव्हिलला गेला. पुढं बांधलंही, एकेक गज स्वतः तपासून. गृहप्रवेशाच्या दिवशी अप्पांनी सगळ्या भिंतींवरून हात फिरवला, चांगलं झालं म्हणाले आणि अंथरूण उचलून बाहेर गेले. ते वारलेही अंगणातच. त्यांच्या मनातली भीती आपण काही घालवू शकलो नाही, ही रुखरुख सरांना राहिली.

म्हणून अंगणात बांधलेल्या गुरम्माच्या खोलीत जड असं काहीच नव्हतं. सुटीच्या दिवशी दामिनी आणि तिचा वर्गमित्र हरिओम ही मुलं सरांबरोबर एसटीनं यायची. त्यांनी बांबू तासले, भिंतींसाठी तुराट्यांचे कूड विणले, शेणमातीनं सारवले. हरिओमच्या तळहातांना फोड आले. गुरम्मा त्यांना भाकरी करून वाढायची, घरची चौकशी करायची. खोलीबद्दल मात्र ती काही बोलायची नाही.

काम संपलं त्या दिवशी मुलांनी तिची बाज आत नेऊन ठेवली. रात्री सगळे मामाकडंच थांबले. सकाळी येऊन बघतात तर बाज पुन्हा लिंबाखाली, आणि गुरम्मा गोधडीत खोकत बसलेली. एवढं करूनही हिचा विश्वास बसत नाही, असं पुटपुटत हरिओम तिथून निघून गेला. दामिनीला रडू आवरेना. सर बाजेजवळ जमिनीवर बसले.

"अम्मा, अजून भ्या वाटतंय का?"

"कशाचं भ्या?" गुरम्मा म्हणाली. "मरायचं भ्या असतं तर असल्या थंडीत हितं पडले असते व्हय?"

सरांनी घसरलेली गोधडी तिच्या खांद्यावर ओढली.

"त्या रातीला लई उकडत हुतं, म्हून मी अंगणात पडले. लेकरं बापाजवळ, आत." ती दम घ्यायला थांबली. "ती भाईर आली न्हाईत, बाबा. मग मी एकटीनंच आत जाऊन कसं झोपू?"

सरांनी मान खाली घातली. भिंतींवरून फिरणारा अप्पांचा हात त्यांच्या डोळ्यांपुढं आला. घर किती मजबूत आहे, हे त्यांनी अप्पांना कितीदा तरी सांगितलं होतं. बाहेर का झोपता, हे एकदाही विचारलं नव्हतं.

दामिनी डोळे पुसून खोलीकडं बघत उभी होती.

"सर," ती हळूच म्हणाली, "आत म्हून काई ठेवलंच न्हाई तर?"

सर उठले. हरिओमला बोलावून आणलं. मुलांनी आपल्याच हातानं विणलेले तीन कूड कापून काढले. वरचं छप्पर राहू दिलं आणि वाऱ्याच्या बाजूची एक भिंत. दिवस कलल्यावर गुरम्मानं बाज ओढत ओढत छपराखाली नेली. कुणाला हात लावू दिला नाही.

परीक्षक आले तेव्हा त्यांनी बाकीच्या भिंती कुठं आहेत असं विचारलं. काम पूर्ण झालं आहे, एवढंच सर म्हणाले. मार्क बेताचेच पडले.

गुरम्मा माघापर्यंत जगली. छपरानं वारा अडवला, पण तिची छाती आधीच पोखरली होती. दामिनीच्या मामाचा फोन आला तसे सर दोघा मुलांना घेऊन गेले.

समाधी देण्याआधी लिंगायतांच्या रीतीप्रमाणे गुरम्माला बसवलं होतं. पाठ त्या एका भिंतीला टेकलेली, डोक्यावर पदर, कपाळाला भस्म. अंगणभर माणसं जमली होती. अंत्यविधीला आलेल्या स्वामींनी पूजेचं ताट समोर घेतलं आणि वर बघून विचारलं, "पूजेला बसायला घरचं कोन हाय?"



सिद्धराम सरांनी चपला काढल्या आणि ते छपराखाली गेले.