डाव्या नळीचा दोष

भगवंतरावांना खोट्या मालाची किळस होती, अगदी मळमळ सुटावी अशी. खामगावच्या बाजारात त्यांची उभी हयात कापूस पारखण्यात गेली. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, उजेडाकडे करायचा आणि मालाचा निकाल लावायचा. चांगल्या कापसात पिवळी कवडी, म्हणजे किडका कापूस, मिसळलेली दिसली, की शेणाला हात लागल्यासारखा ते हात झटकायचे. व्यापारी, जिनिंगवाले कितीही हमरीतुमरीवर आले तरी "भगवंतरावानं पाह्यलं ना?" एवढ्यावर भांडण मिटायचं. निवृत्त झाल्यावर हीच नजर त्यांनी पक्ष्यांकडे वळवली आणि हिवाळ्यातल्या पक्षीगणनेतही त्यांचाच शब्द शेवटचा ठरू लागला.

म्हणून हौसेनं त्यांनी परदेशी बनावटीची, नावाजलेली दुर्बीण घेतली. आणि तीच नासकी निघाली.

गच्चीवरून जिनिंग कारखान्याची धुराची चिमणी बघावी, तर डाव्या नळीत ती ऐन मध्यावर वाकलेली. तारेवरच्या वेड्या राघूचं शेपूट स्वच्छ, आणि चोच मात्र कुणी बोटानं पुसल्यासारखी. उजव्या नळीत सगळं लख्ख. एवढं नाव आणि असला माल! त्यांना शिसारी आली.

पक्षीमित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी समजूत घातली, की महागड्या दुर्बिणींत कडेच्या रेषा मुद्दामच किंचित वाकड्या ठेवतात, नाहीतर दुर्बीण फिरवताना समोरचा देखावा गरगरल्यासारखा वाटतो. हे वाचून भगवंतरावांचं डोकं सणकलं.

"कडेले ठेवतेत, मधात नाही! मले शिकवून राह्यले!" ते मोबाइलवरच ओरडले.

दुर्बीण परत गेली. बदलून दुसरी आली, तिचीही तीच गत. कंपनीनं तपासून कळवलं, की दोन्ही निर्दोष आहेत. मग तर भगवंतरावांनी ग्रुपवर लिहूनच टाकलं: कंपनी खरी असेल तर माझी नजर खोटी म्हणा, पुन्हा गणनेत माझं नाव घेऊ नका.

आता तिसरी दुर्बीण घेऊन अकोल्याचे दुकानदार प्रसेनजित स्वतःच गच्चीवर हजर झाले होते. भला माणूस, पण भगवंतरावांना त्याच्या तोंडावरचं हसूही तेलकट वाटत होतं. त्यांनी उजवा डोळा मिटून दुर्बीण लावली आणि लगेच खाली घेतली.

"थू! हेबी तशीच. डावी नळी वाकडी हाय."

प्रसेनजितनी पाहिलं, निरखून पाहिलं. "काका, मले तं चिमणी सरळ दिसते."

"तुमचे डोये दुकानदाराचे! विकायचं हाय म्हणून सरळ दिसते!"

चहा घेऊन आलेल्या भगवंतरावांच्या पत्नी मंजुळाबाई जिन्याच्या तोंडाशीच थबकल्या. "अहो, घरी आलेल्या मानसाले असं बोलतेत का?"

"तू गप राह्य. आता दाखोतो याले." भगवंतरावांनी दुर्बीण हातातच फिरवली, चाक खाली जाईल अशी पालथी केली. आता डावी नळी उजव्या डोळ्यावर येणार, आणि तिचा वाकडेपणा तिच्याबरोबर उजवीकडे जाणार. मग बोल म्हणावं काय बोलतो ते!

त्यांनी डावा डोळा मिटला. उजव्या डोळ्यानं, त्याच बदनाम नळीतून पाहिलं. चिमणी ओळंब्यात होती. विटेवर वीट, कुठे पोक नाही.

मग त्यांनी डोळा बदलला. निर्मळ म्हणून मिरवलेल्या उजव्या नळीतून डाव्या डोळ्यानं पाहिलं आणि चिमणी मध्यावर वाकली.

दुर्बीण खाली आली. प्रसेनजित वाट बघत होते. भगवंतरावांनी उजव्या डोळ्यावर तळहात धरला आणि नुसत्या डाव्या डोळ्यानं सभोवार पाहिलं. चिमणी दूर होती, बारीक होती, पण वाकडीच होती. ते मंजुळाबाईंकडे वळले. कपाळ दिसत होतं, हनुवटी दिसत होती. मधे, नाकडोळ्यांच्या जागी, राखाडी डाग होता.

"असं काय पाहून राह्यले माह्याकडे?" तो डाग बोलला.

पावसाळाभर या डोळ्याचं काहीतरी बिघडत होतं, आणि ते पावसाळाभर चांगला माल नासका म्हणून परत धाडत होते. डॉक्टरकडे जायचे दिवस त्यांनी कंपनीला शिव्या देण्यात घालवले. कवडी मिसळणाऱ्याला निदान आपण काय करतोय ते ठाऊक तरी असतं! जन्मात पहिल्यांदा त्यांना स्वतःचीच किळस आली.

"मंग काय कळवू कंपनीले?" प्रसेनजितनी जपून विचारलं. "हेबी परत?"

"माल चोख हाय," भगवंतराव म्हणाले. चार माणसांत निकाल द्यायचे तोच आवाज, पण त्यात दम नव्हता. "आधीच्या दोन्हीबी चोख होत्या. तसं कळवा."

"अन् ग्रुपवर?"

"तिथं मी लिहितो." त्यांनी उजव्या डोळ्यावरचा हात काढला. मंजुळाबाईंचा चेहरा आता पूर्ण दिसत होता, काळजीनं आक्रसलेला. "अकोल्याले वापस जाता ना? गाडीत जागा असंल तं मले घेऊन चला. डोयाच्या डॉक्टरपाशी सोडा."

मंजुळाबाईंनी चहा तिथंच कठड्यावर ठेवला आणि चपला घालायला खाली धावल्या.