गिटार न झालेली फळी

मी बोलतेय. नाव विचाराल तर माझ्या पेटीवर ठसठशीत अक्षरांत 'इलेक्ट्रिक गिटार' असं छापलेलं होतं. ते खोटं होतं. मी एक फळी आहे. आंब्याच्या लाकडाची, तांबडा रंग फासलेली, गिटार व्हायला निघालेली आणि न झालेली. सध्या चिखलीच्या बाजारात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापुढे चार विटांवर आडवी पडून असते आणि माझ्यावर माणसं बसतात. लोक माणसाला तोंडावरून ओळखतात. मी त्याला खालून ओळखते. माझी ओळख सहसा चुकत नाही.

माझा जन्म मुंबईच्या एका गोदामात झाला. यंत्रं ज्या खोक्यांतून यायची ती खोकी फोडून तिथे आम्हाला कापायचे. लाकूड ओलं आहे का, वाळलं आहे का, हे बघायला कुणालाच सवड नव्हती. रंगाचे दोन हात दिले की झाली गिटार. पेटीत माझ्या जोडीला सहा तारा, पितळेच्या म्हणून खपवलेल्या पिवळ्या पत्र्याच्या खुंट्या, एक गुळगुळीत पोलादी कांडी आणि एक चुंबकाची डबी. ही डबी तारांखाली बसवायची. तारेची थरथर ती टिपते आणि वायरीतून भोंग्याच्या मशीनकडे धाडते. खरं सांगायचं तर सगळ्या पेटीत लाज राखण्यासारखी तेवढी एकच वस्तू होती. कुठल्याशा म्हाताऱ्या कारागिराने तिच्यावर तांब्याची तार केसासारखी नेटकी गुंडाळली होती. बाकी आम्ही सगळे उकिरड्याचे सोबती.

पेटीवर चित्र होतं. फुलाफुलांचा सदरा घातलेला एक माणूस, मांडीवर गिटार आणि मागे समुद्र. खाली लिहिलेलं, 'घरच्या घरी जोडा, एका रविवारी वादक व्हा!' बारा वर्षं बेंजो घासूनही ज्याला धड सूर सापडत नाही असे लोक मी या बाजारात पाहिले आहेत. आणि हे म्हणे रविवारी!

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. एका फिरत्या विक्रेत्याने माझ्यासारख्या दोन पेट्या अर्जुनरावाच्या गळ्यात मारल्या. अर्जुनराव रेडिओ दुरुस्त करायचा आणि लग्नकार्याला भोंगे भाड्याने द्यायचा. स्वभावाने वाईट नव्हता. पण जे आपल्याला कळत नाही ते जास्त जोरात सांगायचं, ही त्याची खोड. त्याने आम्हाला दाराशी, नेमक्या उन्हाच्या तोंडावर मांडलं.

पहिली पेटी उत्तमरावांनी उचलली. उत्तमराव म्हणजे गावाबाहेर मोठी शेतजमीन आणि बाजारात कापसाची दलाली. त्यांनी गिटार जोडून घेतली आणि बैठकीत खिळ्याला टांगली. आजतागायत तिची एक तार कुणी छेडलेली नाही. पाहुणा आला की उत्तमराव नुसते तिकडे बघतात आणि उसासा टाकतात. पाहुण्याला वाटतं, केवढा मोठा कलावंत संसारात अडकला!

मला अर्जुनरावाने नमुना म्हणून जोडून ठेवलं होतं; माझ्याभोवतीही माणसं जमायची. कुणी तारेला नख लावायचा, कुणी "जपानी माल हाय" म्हणायचा, कुणी उगाच कान लावून मान डोलवायचा. घ्यायचं कुणालाच नव्हतं. फुकट मत देण्यासारखं सुख चिखलीच्या बाजारात दुसरं नसावं.

मग एका बाजाराच्या दिवशी केसरबाई आली. बाजार समितीच्या आवारात धान्य चाळायचं काम ती करायची. केसांवर, भुवयांवर ज्वारीचा भुसा तसाच होता. ती नखबिख लावण्याच्या फंदात पडली नाही. सरळ विचारलं, "भाऊ, याले डाव्या हाताची बोटं लागतात का?"

अर्जुनराव गोंधळला. "म्हंजे?"

"बेंजोले लागतात न. डाव्या हातानं बटनं दाबा लागतात. याले काय लागते?"

"याले काहीच लागत नाही वहिनी," अर्जुनरावाने पेटीतली कांडी काढून दाखवली. "मांडीवर आडवं घ्याचं अन् हे कांडी तारीवरून फिरवाची. कांडी धरता आली म्हंजे झालं."

तिने कांडी हातात घेतली, मुठीत धरून पाहिली. मग स्वतःची तीन बोटं दुमडून, नुसत्या अंगठ्यात आणि करंगळीत धरून पाहिली. तेव्हा मला कळलं.

तिचा नवरा जानराव. गायन पार्टीत त्याचा बेंजो असा वाजायचा की दूरच्या साखरखेर्ड्याहून त्याला बोलावणं यायचं. पोटासाठी तो एका जिनात कामाला होता, कापसातून सरकी वेगळी करायच्या यंत्रावर. दोन हंगामांपूर्वी त्या यंत्राने त्याची डाव्या हाताची मधली तिन्ही बोटं नेली. तेव्हापासून त्या हाताला तो गमछा गुंडाळून ठेवायचा. बेंजो त्याने पार्टीला देऊन टाकला आणि पार्टीच्या वाटेने जाणंही सोडलं. आता बाजार समितीच्या फाटकावर तो गाड्या मोजत बसायचा.

केसरबाई पुढच्या बाजारी आली, त्याच्या पुढच्या बाजारीही आली. घेऊ की नको, घेऊ की नको. मी मनातल्या मनात म्हणत होते, बाई, नको घेऊस. उन्हाने माझी पाठ एव्हाना वाकली होती. माझ्यावर लावलेला सूर सकाळचा संध्याकाळपर्यंत टिकला नसता. पण फळीचं कोण ऐकतं? आणि ज्यांना तोंड होतं ते काय बोलत होते, तेही ऐका.

उत्तमराव कापसाचा भाव ऐकायला दुकानात आले होते. म्हणाले, "केसरबाई, तू काऊन या भानगडीत पडून राह्यली? माह्या घरी हाय न एक. लय अवघड वाद्य हाय ते. हातपाय धड असलेल्या मानसाले जमत नाही."

"तुमाले जमलं का दादा?" तिने विचारलं.

"मले येळ कुठं हाय?"

"मंग अवघड हाय हे कसं समजलं?"

उत्तमरावांनी रेडिओचा आवाज वाढवायला सांगितला.

चौथ्या बाजारी ती जानरावाला घेऊनच आली. घेऊन म्हणजे अक्षरशः ओढून. तो दुकानाच्या पायरीखालीच थांबला. उंच, किडकिडीत माणूस, गमछ्यातला हात पोटाशी धरलेला.

"या न वर," ती म्हणाली.

"मले खेळणं नाही पाहिजे केसर. लोकं हासाले बसले हायेत."

"लोकं तुमी न वाजवताबी हासून राह्यले. फाटकावर बसता तं हासत नाहीत का? वाजवून हासू द्या."

बाजार थबकला. जमणारे जमलेच. जानरावाचं तोंड काळंठिक्कर पडलं. मला वाटलं हा आता फिरणार आणि जाणार. तो पायरी चढला. मला वाटतं, रागानेच चढला.

त्याने मला मांडीवर घेतलं. अर्जुनरावाने खुंट्या पिळून तारा कशाबशा ताणल्या आणि वायर भोंग्याच्या मशीनला लावली. जानरावाने गमछा सोडला. घोळक्यातून कुणीतरी 'च्-च्' केलं; असल्या च्-च् इतका स्वस्त माल माझ्या पेटीतही नव्हता. अंगठा आणि करंगळी यांच्यात त्याने कांडी धरली. उजव्या हाताने तार छेडली.

काय किंचाळले मी! मांजरीच्या शेपटीवर पाय पडावा तशी. घोळका खदखदला. उत्तमराव तर डोळे पुसायला लागले.

जानराव हसला नाही, चिडलाही नाही. त्याने कान माझ्याजवळ आणला. कांडी अगदी हळू पुढे सरकवली. त्या किंचाळण्यातून एक सूर घसरत घसरत वर आला, क्षणभर एका जागी उभा राहिला आणि पुन्हा माझ्या वाकड्या पाठीने त्याला खाली पाडलं. पण तो उभा राहिला होता. केसरबाईने तोंडावर पदर धरला.

मग त्याने मला उलटी केली. बोटाच्या पेराने टकटक केलं. डोळ्याशी धरून माझी पाठ पाहिली. नखाने कोपऱ्यातला रंग खरवडला आणि खालच्या लाकडाचा वास घेतला. इतक्या महिन्यांत मला हात लावणारे शंभर असतील; मला पाहणारा हा पहिलाच.

"अर्जुनभाऊ," तो म्हणाला, "हे लाकूड खोटं हाय. ओल्या आंब्याचं हाय, वाकून गेलं. खुंट्या पत्र्याच्या. तारा ठीक हायेत, चालतीन काही दिवस. पण हे डबी," आणि त्याने डबीवरून अंगठा फिरवला, "हे डबी खरी हाय. डबी, तारा अन् कांडी द्या. बाकीचं तुमाले राहू द्या."

माझा अपमान झाला असं तुम्हाला वाटेल. मुळीच नाही. जन्मापासून माझ्याबद्दल जे जे बोललं गेलं ते खोटं होतं. खरं बोलला तो हा एक माणूस.

अर्जुनराव मात्र उसळला. "सुटं विकत नाही मी! घ्याची तं पेटी घ्या."

आता केसरबाई पुढे झाली. "भाऊ, किती दिवसांपासून पेटी उन्हात पडून हाय? आनखी एक उन्हाळा गेला तं वहिनी चुलीत घालतीन हे. फळीचे पैसे कोन देते तुमाले? चांगलं ते आमाले द्या, वाईट ते बसाले ठेवा. तसंबी तुमच्या दुकानापुढं मानसं उभीच राह्यतात."

अर्जुनराव कुरकुरला, पुटपुटला, दोनदा नाही म्हणाला आणि तिसऱ्यांदा पेचकस शोधायला लागला. माझ्या पोटातून डबी निघाली. तारा गुंडाळल्या गेल्या. ती दोघं गेली तेव्हा जानरावाचा गमछा खांद्यावर होता.

दुसऱ्या दिवशी अर्जुनरावाने मला विटांवर टाकलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, कारण जानराव वायरींचे सांधे झाळून घ्यायला दुकानात येई. डबी बसवायला त्याने एका मोडक्या पलंगाची सागाची फळी तासून घेतली होती. खुंट्या पार्टीकडच्या एका टाकून दिलेल्या बेंजोच्या. पहिला महिनाभर त्याच्या वाद्यातून नुसती माशीसारखी गुणगुण यायची. कांडी निसटायची, पायावर पडायची. एकदा तो दुकानात बसून म्हणाला, "आज पंधरा खेपा पडली." अर्जुनराव म्हणाला, "मंग सोडून दे." जानराव म्हणाला, "काल चाळीस खेपा पडली होती."

वैशाखी पौर्णिमेला बाजाराच्या मैदानात गायन पार्टीचा कार्यक्रम ठरला आणि पार्टीने जानरावाला पुन्हा बोलावलं. भोंगे अर्जुनरावाचेच. दिवेलागणीला मैदान आमच्या दुकानापर्यंत भरलं. जागा नव्हती म्हणून उत्तमराव येऊन माझ्यावर बसले. जड माणूस. शेजाऱ्याला म्हणाले, "पलंग वाजवनार हाय म्हनते आज."

जानराव स्टेजवर बसला. हात उघडा, दिव्याखाली, सगळ्यांसमोर. गायकाने पहिली ओळ घेतली आणि तिच्या मागून तो सूर आला. किंचाळत नव्हता. लांबून कुणी हाक मारावी तसा येत होता आणि ओळ संपली तरी हवेत रेंगाळत होता. माझ्यावरचं वजन थोडं पुढे सरकलं. मी सांगितलं ना, माणूस मला खालून कळतो. उत्तमराव ऐकत होते.

दुसऱ्या कडव्यात तार तुटली. अगदी खाडकन्. गोदामातली तार, माझ्याच पेटीतली, माझ्याच लायकीची. जानरावाचा हात थांबला. गायक थांबला. मागे कुणीतरी हसलंच. इतकी माणसं जमली की एक तरी असा निघतोच. आणि जानरावाचा डोळा बाजूला पडलेल्या गमछ्याकडे गेला.

बायकांच्या गर्दीतून केसरबाई उठून उभी राहिली.

"थांबता काऊन?" ती ओरडली. "पाच हायेत न अजून!"

सगळं मैदान तिच्याकडे वळलं. जानरावाने तुटलेली तार बाजूला सारली, कांडी सावरली आणि गायकाकडे बघून मान हलवली. कडवं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झालं.

उत्तमराव माझ्यावरून उठले. मला वाटलं, चालले. पण ते नुसते उभे राहिले, नीट दिसावं म्हणून. मी रिकामी, हलकी झाले होते, आणि पाच तारांवरचं ते गाणं माझ्यावरून पुढे, बाजाराच्या शेवटच्या दुकानापर्यंत जात होतं.

तेव्हा बसा, दमला असाल तर. मला राग नाही. फक्त आता थोडा वेळ बोलू नका; मी ते गाणं आठवतेय.