फलाटावरच्या चालू घडामोडी

“सांगितलं तर तुमचा कुणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून इतका वेळ गप्प होतो,” चौकशी खिडकीच्या जाळीला तोंड लावून मी म्हणालो. “माइक बिघडलेला नाही. माइकवरची मुलगी साहेब झाली. मोठी साहेब. गाडी काय, बंगला काय, दारावर शिपाई काय!”

रांगेत सगळ्यांत पुढे छत्रीवाले गृहस्थ होते. बाहेर लख्ख ऊन असताना बगलेत छत्री धरणारी माणसं कशावरच सहजासहजी विश्वास ठेवत नाहीत.

“मी विचारलं, राजधानीची गाडी कधी येणार?” ते म्हणाले.

“तेच तर सांगतोय.”

खरी अडचण अशी होती, की राजधानीची गाडी कुठे अडकली आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. डेपोत फोन केला की ‘निघालीय, निघालीय’ एवढंच कानावर पडत होतं. उभी हयात या एसटी स्टँडच्या खिडकीत गेली. त्यातून मी एकच गोष्ट शिकलो. गाडीची वेळ सांगता येत नसेल, तर दुसरं काहीतरी सांगत राहावं. लोक गाडी विसरत नाहीत, पण आपल्या अंगावर यायचं विसरतात.

“साहेब म्हणजे, परीक्षा देऊन?” बाजूला ट्रंकेवर बसलेल्या एका मावशींनी विचारलं.

“परीक्षा देऊन, मुलाखत देऊन. आणि तेही शेवटच्या खेपेला, मावशी! यंदा नाही तर कधीच नाही. वयाची अट संपत होती. माझी सख्खी पुतणी आहे ती. मला नाही माहीत, तर कुणाला?”

“आवाज पाठ आहे बाई आम्हाला तिचा. पण तोंड काही बघितलं नाही कधी.”

हे मात्र शंभर टक्के खरं. माइकची खोली माझ्या खिडकीच्या पाठीमागे आहे. खोली कसली, कपाटच ते. फक्त आत खुर्ची आहे आणि फलाटाकडे तोंड केलेला एक झरोका. अख्खं गाव तिच्या आवाजावर उठतं, धावतं, चढतं, उतरतं. पण ती भाजी घ्यायला गेली तर भाजीवाला काही तिला ओळखणार नाही. मुलगी मुळात कमी बोलते. जे काय बोलायचं ते माइकवर.

आणि तिथेच सगळा घोळ झाला.

या परीक्षेत इतिहास असतो, भूगोल असतो. ते एकदा पाठ केलं की निदान जागच्या जागी राहतं. पण चालू घडामोडी नावाचा जो प्रकार असतो ना, त्याच्यासारखा द्वाड विषय नाही. आज पाठ केलेली योजना उद्या नाव बदलून येते, परवा तिचा दुसरा टप्पा निघतो आणि तेरवा ती बंद झाल्याचं कळतं. उपग्रह वर जातात, कायदे खाली येतात, समित्यांवर समित्या बसतात. पोरगी वाचायची आणि विसरायची, वाचायची आणि विसरायची. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं, की गाड्यांच्या वेळा मात्र आपण कधीच विसरत नाही. का? तर त्या आपण सुरात म्हणतो. झालं! तेव्हापासून ती सगळं जग फलाटावर लावून पाठ करायला लागली.

“म्हणजे कसं?” मावशींनी ट्रंकेसकट जवळ सरकून विचारलं.

मी आवाज बारीक केला. “‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा थोड्याच वेळात आपल्यासमोर येत आहे. आपली माहिती आपल्या संमतीशिवाय कुणालाही देऊ नये.’ अशी!”

घरीसुद्धा तेच. एकदा माझ्या बायकोनं तिला विचारलं, “अगं, मीठ कुठंय?” तर म्हणते कशी, “मीठ डाव्या बाजूच्या फळीवर उपलब्ध आहे. इच्छुकांनी लाभ घ्यावा.” बायको तेव्हापासून मला म्हणते, तुमच्या घराण्यातच खोट आहे.

दोन उद्घोषणांच्या मधे ती माइकचं बटण सोडायची आणि आपली पाठांतर करत बसायची. बटणाला आत स्प्रिंग असते. ती स्प्रिंग माझ्या वयाची. एका दुपारी बटण दाबलं गेलं ते वर आलंच नाही. तिला पत्ता नाही. झरोक्याकडे पाठ करून, डोळे मिटून बाईसाहेब आपल्या ड्रोनचं धोरण, नवा उपग्रह, वैयक्तिक माहितीचा कायदा म्हणताहेत, आणि ते सगळ्या फलाटांवर, स्वच्छतागृहांत, उपाहारगृहात दणदणीत ऐकू येतंय!

“लोक ओरडले असतील,” छत्रीवाले म्हणाले.

“ओरडले? अहो, चिडीचूप! शेवटच्या फलाटावर गाडी भरलेली, वाहकानं घंटा दिलेली, पण चालक जागचा हलेना. म्हणतो, ‘तो उपग्रह वर गेला की नाही हे कळल्याशिवाय गिअर पडायचा नाही.’ गेला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग गाडी निघाली.”

“काहीतरीच!”

“पुढं ऐका. संध्याकाळी एका पाकीटमारानं माझ्या खिडकीत येऊन पाकीट परत केलं. पैसे काढून घेतलेले, पण ओळखपत्र, कार्ड, सगळं जसंच्या तसं. म्हणाला, ‘काका, पैसे माझा धंदा आहे. पण दुसऱ्याची वैयक्तिक माहिती आपण ठेवत नसतो.’”

मावशी खळखळून हसल्या. रांगेतले मागचे लोक पुढे आले, म्हणजे रांग राहिली नाही, घोळका झाला. मला तेच हवं होतं.

त्या दिवसापासून बटण कुणी दुरुस्त केलं नाही, असं मी म्हणणार नाही. केलं. पण लोकच येऊन जाळीवर टकटक करायला लागले. “काका, आज काही नाही का?” मग ती मुद्दामच बटण दाबून ठेवायला लागली. ज्यांना कुठेच जायचं नाही, ते येऊन बाकांवर बसायला लागले. अभ्यासिकेतली पोरं चटया घेऊन आली. ज्या दिवशी तिनं ई-कचऱ्याचे नियम घेतले, त्याच्या दुसऱ्या दिवशी गावानं आपले मेलेले रेडिओ, रिमोट, इस्त्र्या माझ्या खिडकीत आणून ओतल्या. दोन रेडिओ अजून माझ्या खुर्चीखाली आहेत. बघायचे असतील तर बघा.

छत्रीवाल्यांनी टाचा उंचावून खरंच पाहिलं. रेडिओ होते. माझेच होते, पण होते.

आणि त्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याचा परिणाम असा झाला, की लोकांना कुठं जायचं हे विचारायची सोय राहिली नाही. एका आजींना म्हटलं, “कुठं जायचंय?” तर म्हणाल्या, “ती माझी खासगी बाब आहे.” शेवटी मी गाड्यांची नावं एकेक करून म्हणत गेलो आणि त्या मान हलवत गेल्या.

हे डेपोच्या साहेबांच्या कानावर गेलं. साहेब तावातावानं आले. पोरगी खुर्चीतून उठून उभी राहिली. पांढरीफटक. नोकरी कंत्राटी, गेली तर कुणाकडे दाद मागायची? साहेबांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, “ते हायड्रोजनच्या धोरणाचं काल अर्धवट राहिलं. गाडी मधेच आली.”

“आता पुरे!” छत्रीवाले म्हणाले. पण जागचे हलले नाहीत.

मग ते खोकं आलं.

वरून धोरणच आलं होतं, की यापुढं उद्घोषणा यंत्र करेल. माणसाचा हुबेहूब आवाज, न थकणारा, न खोकणारा, रजा न मागणारा. पोरीनं त्याच धोरणाची टिपणं काढली होती, चांगल्या सुवाच्य अक्षरात, फायदे आणि तोटे. तोट्यांमध्ये आपण स्वतः आहोत हे तिला खोकं उघडल्यावर कळलं.

चाचणीचा दिवस ठरला. यंत्राचा आवाज काय गोड म्हणता! साखर घातल्यासारखा. आणि वेळेला इतकं पक्कं, की गाडी येवो न येवो, ठरल्या मिनिटाला ते ती सोडून द्यायचं. फलाट रिकामा, आणि यंत्र म्हणतंय, ‘गाडी सुटत आहे, धन्यवाद.’ माणसं पिशव्या घेऊन धावताहेत, कुणाला धरायचं आणि कुठं चढायचं? एक गृहस्थ तर त्या न आलेल्या गाडीत बसून गेले. पोचल्याचा फोनही आला.

“कुणाला आला?” छत्रीवाल्यांनी डोळे बारीक केले.

“यंत्रालाच. आपल्याला कशाला करतील?”

घोळका इतका हसला, की उपाहारगृहातला माणूस हातात फडकं घेऊन बाहेर आला.

यंत्र परत खोक्यात गेलं. पण धोरण काही खोक्यात जात नाही. दुरुस्ती करून ते पुन्हा बसवायचं, असं पत्र होतंच. म्हणजे यंदा परीक्षा गेली, तर पुढच्या वर्षी परीक्षाही नाही आणि खुर्चीही नाही. लेखी परीक्षेत ती पास झाली. घरात पेढ्याचा तुकडा कुणी खाल्ला नाही. सगळ्यांचं लक्ष मुलाखतीकडं. तिनं पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावता लावता मला विचारलं, “काका, दोन्ही गाड्या चुकल्या तर?”

आता मी चौकशीचा माणूस. लोकांनी विचारावं आणि मी सांगावं, असा माझा जन्म गेलेला. माहीत नसलं तरी सांगतो. त्या दिवशी मात्र मी खाली वाकून तिच्या चपलेकडं बघितलं. मी म्हणालो, “पट्टा नीट लाव.”

मावशींनी ट्रंकेची कडी उगाचच वरखाली केली.

“मग?” छत्रीवाले म्हणाले. “मुलाखतीचं काय झालं?”

काय सांगू! मोठं दालन, गुळगुळीत टेबल, टेबलामागं पाच जण. मधे अध्यक्ष, भुवया अशा, की त्यांना वेगळं टपाल येत असावं. पोरगी आत गेली, खुर्चीवर टेकली. अध्यक्षांनी विचारलं, “स्वतःविषयी काही सांगा.” आणि हिच्या तोंडून जे सवयीचं तेच बाहेर पडलं: “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं!”

मावशींनी कपाळाला हात लावला.

पण गंमत बघा. पाचांपैकी एकानं घाईघाईनं खिसे चाचपले, तिकीट आहे की नाही म्हणून. दुसऱ्या बाईंनी शेजाऱ्याला विचारलं, “पाणी प्यायला वेळ आहे का हो?” आणि खुद्द अध्यक्ष ताडकन उठून दारापर्यंत जाऊन आले! बसले, चष्मा पुसला, म्हणाले, “इतकी वर्षं आम्ही उमेदवारांना म्हणतोय लक्ष द्या. आम्हाला आज पहिल्यांदा कुणी म्हणालं.”

मग त्यांनी तो प्रश्न टाकला. माणसांची कामं यंत्रं करायला लागली, तर सरकारनं काय करावं? दुसरं कुणी असतं तर अहवाल म्हणून दाखवले असते. ही म्हणाली, “साहेब, यंत्राला गाडीची वेळ माहीत असते. गाडी आलीय की नाही, हे झरोक्यातून बघावं लागतं. यंत्र बसवावं. पण झरोक्यापाशी कुणीतरी ठेवावं, आणि ते ठेवायचंय हे धोरणातच लिहून ठेवावं.”

“वा!” फडकंवाला म्हणाला.

“एक जण म्हणाला, ‘त्याचा खर्च?’ तर ही म्हणाली, ‘न आलेल्या गाडीमागं गाव धावतं, त्याचा खर्च आधी काढा.’ अध्यक्ष पुन्हा उठले, टेबलाला वळसा घालून तिच्यापाशी आले आणि म्हणाले, ‘पोरी, घरी जाऊन कपडे भर.’”

छत्रीवाल्यांनी छत्री एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली.

“तुम्ही होता तिथं?” त्यांनी विचारलं.

“दाराला कान लावून उभा होतो. अजून लाल आहे, हा बघा.”

“खोटं आहे,” घोळक्याच्या मागून कुणीतरी म्हणालं.

आवाज मोठा नव्हता. पण जो तो खाली वाकला आणि ज्यानं त्यानं आपापलं सामान उचललं. मावशी ट्रंकेवरून उठल्या. छत्रीवाल्यांनी फलाटाकडे पाहिलं, मग वर टांगलेल्या कर्ण्याकडे पाहिलं. कर्णा गप्प होता. मग सगळे एकदम मागे वळले.

खांबाशेजारी एक किडकिडीत मुलगी उभी होती. कडक इस्त्रीचे कपडे, खांद्याला बॅग, हातात रजेचा मंजूर कागद चुरगाळलेला. एवढ्याशा कुडीतून तो आवाज येतो, हे अजून कुणाला पटत नव्हतं.

“अध्यक्ष उठलेबिठले नाहीत,” ती म्हणाली. “आणि त्यांच्या भुवया कशा आहेत, तेही कुणी पाहिलेलं नाही.”

“तुम्हाला काय माहीत?” छत्रीवाले उसळले. “ह्यांनी स्वतः कान लावला होता दाराला!”

“मुलाखत उद्या आहे, राजधानीत,” माझी पुतणी म्हणाली. “गाडी आली तर.”